मदत हवी आहे: क्लीव्हलँड ब्राउन्सच्या कालपटात १९९६ ते १९९८ ही वर्षं कशी दाखवू?

नमस्कार मंडळी,

अमेरिकन फुटबॉल जवळून पाहणारं कुणी इथे असेल तर मदत हवी आहे. आम्ही क्लीव्हलँडजवळ राहतो. मुलगी आठवीत आहे आणि शाळेसाठी ब्राउन्स संघाचा कालपट करतेय. साताऱ्याला आजी-आजोबांना वाचता यावा म्हणून तोच मी मराठीत करतेय.

पहिली पन्नास वर्षं सरळ गेली. १९४६ मध्ये सुरुवात, पहिले प्रशिक्षक पॉल ब्राउन, त्यांच्यावरूनच संघाचं नाव. ऑल-अमेरिका फुटबॉल कॉन्फरन्स ही त्यांची पहिली लीग चार वर्षं चालली आणि चारही विजेतेपदं यांचीच. १९५० मध्ये एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलची मुख्य लीग) आले आणि पहिल्याच वर्षी जिंकले. मग १९५४, १९५५ आणि १९६४. त्यानंतर आजवर एकही नाही.

अडलोय ते १९९५ पाशी. ६ नोव्हेंबरला मालक आर्ट मोडेल यांनी संघ बाल्टिमोरला नेत असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी इथे मतदान होतं: स्टेडियमच्या दुरुस्तीसाठी दारू-सिगारेटवरचा कर पुढे चालू ठेवायचा का? संघ जातोय हे कळूनही लोकांनी मोठ्या मताधिक्याने हो म्हटलं. हे वाचताना मला भरून आलं. १७ डिसेंबरला घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना झाला. ब्राउन्सनी सिनसिनाटीला २६-१० हरवलं, प्रेक्षकांनी खुर्च्या उखडल्या आणि खेळाडू कठड्यापाशी जाऊन त्यांच्या गळ्यात पडले.

शहर कोर्टात गेलं. फेब्रुवारी १९९६ मध्ये तडजोड झाली: मोडेल यांनी खेळाडू आणि कर्मचारी न्यावेत, नाव, रंग, विक्रम आणि सगळा इतिहास क्लीव्हलँडकडे राहील, आणि १९९९ पर्यंत त्याच नावाने इथे पुन्हा संघ उभा राहील. बाल्टिमोरचा संघ 'रेव्हन्स' झाला आणि कागदोपत्री १९९६ चा नवा संघ ठरला. म्हणजे रक्ताचा वारस परगावी गेला आणि गादीवर दत्तक बसला. साताऱ्याच्या माणसांना हे लगेच समजेल, पण कालपटावर मांडायचं कसं?

मॅट स्टोव्हरचं उदाहरण घ्या. माणूस तोच, किक मारणारा पाय तोच. १९९१ ते १९९५ चे त्याचे गुण क्लीव्हलँडच्या वहीत, १९९६ पासूनचे बाल्टिमोरच्या. जानेवारी २००१ मध्ये रेव्हन्सनी सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, ३४-७ जिंकला तेव्हा तो संघात होता. ओझी न्यूसम तर १३ हंगाम ब्राउन्सकडून खेळलेले, आणि तो विजेता संघ बांधला त्यांनीच. मुलीने विचारलं, "आई, मग ते आपण जिंकलो का?" मला उत्तर देता आलं नाही.

तीन वर्षं कोरी सोडू, की बाल्टिमोरकडे फाटा काढू? आणि त्या काळासाठी शब्द कोणता वापरू? 'संघ बंद पडला' असं लिहिलंय, पण ते मनाला पटत नाही.

प्रतिसाद

'बंद पडला' नका लिहू, ताई. लीगने तो संघ तीन हंगाम स्थगित मानला, विसर्जित केला नाही. 'स्थगित' हाच शब्द बरोबर.

कोरी जागा ठेवाच. ती त्या शहराने भांडून मिळवलेली आहे. बाल्टिमोरला हे जमलं नव्हतं. मार्च १९८४ मध्ये त्यांचे कोल्ट्स एका रात्रीत ट्रकमध्ये भरून इंडियानापोलिसला नेले, आणि १९५८ चं विजेतेपदही कोल्ट्सच्या नावाबरोबर तिकडेच गेलं. पोरका झालेला तोच गाव अकरा वर्षांनी दुसऱ्याचा संघ घेऊन गेला, हे मला फार बोचतं.

फाटाही दाखवा, पण खाली, वेगळ्या रंगात: 'माणसं इकडे गेली'. वरची रेघ नावाची, खालची माणसांची. आणि कालपट १९४६ पासून सुरू करताय, त्याच्या आधी एक ओळ घाला. १९४५ मध्ये क्लीव्हलँड रॅम्स एनएफएलचे विजेते होते आणि महिन्याभरात लॉस एंजेलिसला निघून गेले. ते विजेतेपद आज रॅम्सच्या खात्यात आहे.

धागाकर्ती

मनापासून आभार. रॅम्सचं मला अजिबात माहीत नव्हतं. म्हणजे या गावावर ही वेळ दुसऱ्यांदा आली होती. मुलीला दोन रेघांची कल्पना फार आवडली, आणि आता ती विचारतेय की स्टोव्हरचं नाव दोन्ही रेघांवर लिहिलं तर चालेल का. मी हो म्हटलंय. कुणाला हे चूक वाटत असेल तर रविवारपर्यंत सांगा, सोमवारी तक्ता शाळेत द्यायचा आहे.