छोट्या सुतारकामाच्या गाळ्यात सगळी टेबलं टेबल सॉच्या (टेबलात बसवलेल्या गोल करवतीच्या) उंचीला आणावीत का? (वाद घाला, भांडू नका)

वागळेचा_भुसा:
माझं ठाम मत आहे, आणावीतच. प्लायच्या धाग्यात कुणीतरी याला "व्हिडिओवाल्यांचे शौक" म्हणालं म्हणून इथे वेगळं लिहितोय. आठ बाय चारचा १८ एमएम प्लाय ३०-३५ किलोचा येतो. साध्या टेबल सॉचं टेबल दोन-सव्वादोन फूट, म्हणजे शीट निम्मी गेली की पुढचा भाग हवेत लोंबायला लागतो, तुम्ही मागून दाबून धरता, काप ब्लेडवर आवळतो आणि माल उसळून पोटात येतो, त्यात बऱ्याच लोकल सॉला ब्लेडमागची, काप उघडा ठेवणारी पातळ पाचर नसतेच. हेल्पर ठेवा म्हणाल तर ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये बरा हेल्पर दिवाळीनंतर परत येतो का ते आधी सांगा. माझा गाळा १२ बाय १८. सॉ ८६ सेंमी, मागचं टेबल ८६, बाजूचा वर्कबेंच ८६, राऊटर (खाचा-कडा कोरायचं मशीन) सॉच्या बाजूच्या पंखातच बसवलाय. एकटा माणूस अख्खी शीट फाडतो, कुणाला हाक मारावी लागत नाही. जागा कमी असली की प्रत्येक टेबलाने दुसऱ्याला खांदा द्यायला पाहिजे, नुसती दिमाखात उभी राहणारी टेबलं मोठ्या कारखान्यात परवडतात.

रंधेवाला_कळवा:
दादा तुमचं काम प्लायचं आहे म्हणून तुम्हाला पटतं. ८६ सेंमीवर सागाची फळी हाताने रंधून बघा, संध्याकाळी खांदे बोलतील. उभ्याच्या कामाचा साधा हिशोब आहे, सगळं कोपरापासून मोजायचं: जोर लावायचं काम कोपराच्या २० ते ४० सेंमी खाली, हलकं काम ५-१० खाली, आणि बारीक काम, म्हणजे पटाशीने सांधा साफ करणं वगैरे, कोपराच्या ५ सेंमी वर. मी पाच फूट चार, माझं कोपर १०२ ला येतं. म्हणजे रंध्याला जास्तीत जास्त ८२ आणि सांध्याला १०७. तुमचं ८६ दोन्हीच्या मध्ये लटकतंय, ना धड रंध्याचं ना धड पटाशीचं. मशीनला पाठ नसते हो, आपल्याला असते.

वागळेचा_भुसा:
मान्य, पण रोज हाताने रंधा मारतं कोण आता? शंभर कामांत चार. त्या चारसाठी मी गाळ्यातली सहा फूट जागा वेगळ्या बेंचला देऊ, इथलं भाडं माहितीये ना? आणि कमीच हवं असेल तर पायाखाली फळ्यांचा पाट टाका, चार इंच वर उभं राहा, झाला बेंच खाली.

रंधेवाला_कळवा:
पाट?? भुसा पडलेल्या फरशीवर, चालू सॉच्या शेजारी? पाय अडकला तर हात कुठे जाईल ते सांगायला नको. उलटं करा. बेंच रंध्याच्या मापाने खाली बनवा आणि बारीक कामासाठी त्याच्यावर क्लॅम्पने आवळायचा छोटा उंच ठोकळा-बेंच करा, काम झालं की भिंतीला टांगा. वर चढवता येतं, खाली कापता येत नाही.

कोपरखैरणे_मॉड्युलर:
दोघांचंही अर्धवट आहे असं मला वाटतं, राग नको. किचनच्या बेस युनिटचा (ओट्याखालच्या कपाटाचा) बॉक्स ७२० एमएम उंच. ८६ च्या टेबलावर उभा केला की वरची कड १५८ सेंमीवर गेली, आता वरून स्क्रू मारा बघू, ड्रिल डोक्याच्या लाइनीत, भुसा डोळ्यात. म्हणून मी जोडणीसाठी दोन फुटी चौथरा केलाय, वर जुनं कार्पेट ठोकलंय, लॅमिनेटला चरा पडत नाही आणि बॉक्स आडवा-उभा एकटा फिरवतो. वॉर्डरोबचं शटर तर मी त्याच्यावरच घासतो. सॉच्या मागचं टेबल सॉला जुळवा, तेवढंच. जोडणीचं टेबल त्याच उंचीला आणायचा हट्ट का ते मला कळत नाही. मी साइटवर लाकडी घोड्यांवर (तिवयांवर) प्लाय टाकून पण कामं काढलीत, तिथे कोण सेंमी मोजत बसतो.

लेव्हलबाटली_ऐरोली:
"एकाच उंचीला" म्हणजे नेमकं किती एकाच, ते कुणीच बोलत नाहीये. तंतोतंत जुळवलं की फसलात. मागचं टेबल सॉपेक्षा अर्धा सूत खाली पाहिजे, एक सूत (इंचाचा आठवा भाग) पण चालेल, कारण ते केसाएवढं जरी वर आलं तरी शीटची कड त्याला थडकते, तुम्ही जोर लावता आणि कट वाकडा जातो. दुसरं, गाळ्यांच्या फरशीला शटरकडे उतार असतो, पाणी जायला. आज जुळलेलं टेबल चाकांवर ढकलून दोन फूट पुढे नेलं की हिशोब गेला. मी फरशीवर ऑइलपेंटने चाकांच्या खुणा केल्यात, टेबल त्याच खुणांवर परत येतं. तिसरं, पाऊस. एमडीएफचा टॉप कडेला सनमायका न लावता ठेवलात तर जुलैत कड फुगून वर येते आणि तुमचा अर्धा सूत खाऊन टाकते. आणि माइटर गेजची (माल आडवा कापताना ढकलायच्या सरकत्या आधाराची) पट्टी ब्लेडच्या पुढे जाते, तिच्यासाठी मागच्या टेबलात खाचा पाडा, नाहीतर पट्टी टेबलाला आपटते आणि क्रॉसकट अर्ध्यात अडतो. हे राहून जातं हमखास.

वागळेचा_भुसा:
अर्धा सूत माझंही खालीच आहे, ८६ आपलं बोलायला. कोपरखैरणेवाल्यांचा चौथरा मात्र पटला, पण तो मी सॉच्या मागच्या टेबलाखाली सरकवून ठेवीन, वेगळी जागा देणार नाही.

नवशिका_खारघर:
मी बंगल्याच्या पार्किंगमध्ये सुरू करतोय. टेबल सॉ आहे, आता पोर्टेबल प्लेनर (फळी एकसारख्या जाडीची करणारा, टेबलावर ठेवायचा), माइटर सॉ आणि बँडसॉ घेतोय. सगळ्यांचे स्टँड ८६ चे बनवू का?

लेव्हलबाटली_ऐरोली:
नाही! स्टँड नाही, माल जिथे टेकतो ती पातळी जुळवायची. पोर्टेबल प्लेनरमध्ये बहुतेक वेळा खालचा बेड जागेवर असतो आणि ब्लेडचं डोकं वरखाली होतं, बेड बुडापासून तीन-चार इंच वर, तेवढा स्टँड खाली करा. जुना बिडाचा थिकनेसर घेतलात तर त्यात बेडच वरखाली होतो, तिथे जुळवायचा प्रश्नच मिटला. माइटर सॉला मात्र दोन्ही बाजूंना जुळलेलं टेबल हवंच, आठ फुटी पट्टी एका बाजूला झुकली की कटाचा गुण्या (काटकोन) गेला. बँडसॉचं टेबल उंचच असतं, शंभरच्या आसपास, कापताना रेघ डोळ्यासमोर हवी म्हणून, त्याला हात लावू नका.

रंधेवाला_कळवा:
आणि बेंच शेवटी बनवा, आधी मशीन जागेवर बसू देत. पाय मापापेक्षा इंचभर आखूड ठेवून खाली लेव्हलिंग बोल्ट टाका. बोल्ट १२ एमएमच्या खाली घेऊ नका, बारीक बोल्टवर रंधा मारला की बेंच डुलतो.

वागळेचा_भुसा:
बघा, रंधा परत आलाच. त्याने प्लेनर घेतलाय हो काका.

रंधेवाला_कळवा:
प्लेनरने फळीचा बाक जात नाही. दाबून काढता, बाहेर आली की परत वाकते. आधी एक बाजू हातानेच सरळ करावी लागते, आणि ती ८६ वर करून दाखवा.