अनुभव धागा: मिशनच्या कामावर परमुलखात राहिलात का?

गोरखचिंच
सलाम मंडळी. काल नगरच्या बाजारात माठाची जुडी उचलली आणि भाजीवाल्या मावशींना विचारलं, "म्चिचा कसा दिला?" मावशी बघतच राहिल्या. काय चुकलं ते मलाही पटकन कळेना. टांझानियातून परत येऊन चौदा महिने झाले, पण नऊ वर्षं ती भाजी माझ्यासाठी म्चिचाच होती. जुडी घेऊन घरी आले आणि निवडता निवडता सगळं वर आलं, म्हणून हा धागा.

आम्ही डोडोमाच्या बाजूला होतो. मी नर्स, यजमान बायबल शिकवायचे. मुलूख थेट आपल्या पाथर्डी-कर्जतसारखा. पाऊस डिसेंबरात सुरू होऊन एप्रिलपर्यंत संपणार, मग नुसती धूळ. मधूनमधून गोरखचिंचेची अजस्र झाडं. पहिल्याच आठवड्यात शेजारणीने ताटलीत ज्वारीच्या पिठाची घट्ट उकड झाकून आणली. उगाली म्हणतात, बहुतेक ठिकाणी मक्याची करतात, पण त्या भागात ज्वारीचीही. पहिला घास घेतला आणि मला आईच आठवली.

सांगायचंय ते बाबांचं. बाबा गेले तेव्हा मला सातवा महिना होता, डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका भावाने मातीच्या वेळी नगरहून फोन धरून ठेवला होता. आवाज तुटत होता. गाणं ऐकू आलं, बायबलचं वचन ऐकूच आलं नाही. मी फोन ठेवून बाहेर आले तर शेजारच्या बायकांनी आमच्या पुढच्या खोलीतलं सामान अंगणात काढलेलं, चटया अंथरलेल्या, बाहेर तीन दगडांच्या चुलीवर भलं मोठं पातेलं. मी कुणालाच बोलावलं नव्हतं. एकेक जण यायची, हात हातात घ्यायची, "पोले" म्हणायची आणि बसायची. पोले म्हणजे दुःखात वाटेकरी आहोत, असं काहीसं. तीन रात्री त्या माझ्याजवळ जमिनीवर झोपल्या. शाळेच्या वहीत कुणी काय दिलं ते लिहीत होते, कुणी ५०० शिलिंग, कुणी दोन किलो पीठ.

बाबांचं नाव त्यांच्या जिभेवर बसेना. मग प्रार्थनेत सगळ्या "बाबा येतू" म्हणू लागल्या. बाबा तिथेही बाबाच, येतू म्हणजे आमचे. पण प्रभूची प्रार्थनाही स्वाहिलीत याच दोन शब्दांनी सुरू होते. डोळे मिटून बसले होते, आणि त्या माझ्या बाबांबद्दल बोलताहेत की स्वर्गातल्या बापाबद्दल, हे मला थोडा वेळ कळलं नाही. मी तिथे आधार द्यायला गेले होते. आधार कसा द्यायचा ते त्या तीन रात्रींत शिकले.

तुम्ही कुणी असं राहिला असाल, घरातलं कुणी राहिलं असेल, तर लिहा ना.

पाऊसवाट
ताई, वाचून घशाशी आलं. ऑफिसच्या बसमध्ये आहे, सावकाश लिहिते. पण ती माठाची भाजी तिकडे कशी करतात?

सायली_वाचते
वाचतेय. बाबा येतूवर थांबले.

कुपारी_पोर
आमच्या वसईत प्रत्येक घरटी एक तरी सिस्टर नाहीतर फादर. माझी आत्या ३१ वर्षं केनियात. सुट्टीवर आली की परत जाताना बॅगेत सुकेळी ठरलेली. कपडे कमी पण सुकेळी हवीच. तिकडे केळी ढीगभर, पण आपल्यासारखी वाळवून पानात बांधलेली कुठे मिळणार. जपमाळ म्हणायची ती मराठीतून, कॉन्व्हेंटात बाकी सगळ्या इंग्रजी-स्वाहिलीत म्हणत असल्या तरी. एकदा विचारलं तर म्हणाली, अगं दिवसभर दुसऱ्यांच्या भाषेत बोलते, देवाशी तरी आईच्या भाषेत बोलू दे.

आणि परमुलखाचं म्हणाल तर आमचा संत गोन्सालो गार्सिया वसईचाच. बाप पोर्तुगीज, आई इथली. कोवळ्या वयात जेसुइट धर्मगुरूंबरोबर जपानला गेला, पुढे व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला आणि जपानी भाषा येते म्हणून दुभाषी म्हणून पुन्हा जपानला. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत २६ जणांना क्रुसावर मारलं, त्यात हा. १८६२ साली संतपद. गासला त्याच्या नावाचं चर्च आहे, आम्ही लहानपणी सणाला चालत जायचो. पण मला नेहमी त्याची आई आठवते. तिला कुणी, कधी कळवलं असेल?

पाऊसवाट
सुकेळी!! कुठे मिळतील आता चांगली? दादरला मिळतात त्यात मजा नाही.

कुपारी_पोर
वसईच्या बाजारात या, सीझनला. आत्ता नाहीत.

सगरमाथा_नर्स
मी नेपाळात होते तेव्हा रविवार कामाचा दिवस, सुट्टी शनिवारी. त्यामुळे उपासना शनिवारी. सुरुवातीला फार चुकल्यासारखं व्हायचं, शनिवारी देवळात, म्हणजे चर्चला जायचं आणि रविवारी सकाळी डबा भरून ड्यूटीवर. दोन वर्षांनी सवय झाली.

२५ एप्रिल २०१५, भूकंपाचा दिवस, शनिवारच होता. ११ वाजून ५६ मिनिटं. आमची प्रार्थना चालू होती, पत्र्याचं छप्पर, मागच्या अंगणात लहान मुलांची शब्बाथ शाळा. आधी कुत्री भुंकली. मग जमीन आडवी सरकली, हे असं दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही. आमच्यातलं कुणी गेलं नाही. दुसऱ्या ठिकाणी भिंती प्रार्थना करणाऱ्यांवरच पडल्या. कुणी म्हणतं शनिवार होता म्हणून शाळेतली पोरं वाचली, कुणी म्हणतं शनिवार होता म्हणून देवळातले गेले. मी दोन्ही म्हणत नाही, मला ते कळत नाही आणि देवाला मी अजून विचारते.

नंतर अठरा दिवस कोबीच्या शेतात ताडपत्रीखाली. जखमा धुवायला पाणी पुरेना. आईचा फोन लागला तेव्हा पहिलं वाक्य, "कुणाला विचारून गेलीस तिथे?" आणि दुसरं, "जेवलीस का?" १२ मेला पुन्हा मोठा धक्का बसला आणि तेव्हा मात्र मी ताडपत्रीखाली मोठ्याने रडले, पेशंटसमोर. एका म्हातारीने, तिचाच पाय प्लास्टरमध्ये, मला जवळ ओढून घेतलं. बाकी नंतर लिहिते, कुकरची शिट्टी झाली.

गोरखचिंच
सगरमाथा, तुम्हाला मिठी. सावकाश लिहा, पण लिहा.

मिरजेची_नात
माझं उलट्या बाजूने. आजी मिरजेच्या मिशन दवाखान्यात नर्स. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली उभा केलेला तो दवाखाना, ते स्वतः कॅनडाचे. आजी त्यांच्या बऱ्याच नंतरची. ती एका मिशनरी कुटुंबाबद्दल सांगायची. त्यांची मुलं कोडाईकनालच्या शाळेत. १९०१ साली अशा मुलांसाठीच ती शाळा सुरू झाली. सहा-सात वर्षांची पोरं आईपासून महिनोन् महिने लांब. बंगल्याच्या दाराच्या चौकटीवर त्यांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा. आजी म्हणायची, आपल्या घरी पोर बोटाबोटाने वाढतं, त्यांच्या चौकटीवर एकदम चार बोटं. मडम त्या खुणांवर कधी धूळ बसू द्यायच्या नाहीत, स्वतः पुसायच्या, पण खूण पुसली जाणार नाही अशा बेताने. आजीला हे इतकं नीट आठवायचं कारण तिने स्वतःचं एक मूल तान्हेपणी गमावलं होतं, आणि तेव्हा मडम येऊन काही न बोलता तिच्या शेजारी बसून राहिल्या होत्या.

विचारू_का
एक प्रामाणिक प्रश्न, रागावू नका. धर्मांतर करायलाच जातात ना मिशनरी? मी हिंदू आहे, मनात हेच येतं.

गोरखचिंच
रागावले नाही, विचारलंत ते बरं झालं. आम्ही होतो तिथली मंडळी माझ्या पणजोबांच्या आधीपासून ख्रिस्ती. मीच त्यांच्यात नवीन. दवाखान्यात मुसलमान बायाही यायच्या, बाळंतपण कुणाचंही असो, काम तेच. माझा विश्वास मी लपवला नाही, कुणी "माझ्यासाठी प्रार्थना कर" म्हटलं तर केली. औषधाच्या बदल्यात देव विकणं मला पाप वाटतं, आणि असं जिथे घडलं असेल तिथे ते चूकच होतं. पण येशूवर माझं प्रेम आहे म्हणून मी तिथे गेले, हेही तितकंच खरं.

विचारू_का
सरळ उत्तर दिलंत, आभार. पटलं सगळंच असं नाही, पण कळलं.

इसारकाठचा_फादर
दोन मिस्सांच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनांच्या, मधल्या वेळात लिहितोय. मी नगर जिल्ह्यातला, आता बव्हेरियात चार गावांचा धर्मगुरू. चार चर्चेस, एक मी, एक जुनी गाडी. इथे चर्चच्या सभासदांकडून प्राप्तिकरावर ८ टक्के चर्च-कर गोळा होतो, त्यामुळे छप्पर गळत नाही, घंटा चकचकीत. बाकांवर मात्र पंचवीस-तीस पांढरी डोकी. बाप्तिस्मे थोडे, अंत्यविधी आठवड्याला दोन.

मी लहान असताना आमच्याकडे जर्मन फादर होते. मराठी अस्खलित, पण 'ळ' शेवटपर्यंत आला नाही. "बाल, फले खा" म्हणायचे आणि आम्ही पोरं तोंड दाबून हसायचो. त्या पिढीने आमच्या दुष्काळी भागात काय केलं ते नगरकरांना सांगायला नको, स्वित्झर्लंडचे फादर हर्मन बाखर पाणलोटाच्या कामासाठी गावोगाव माहीत आहेत. आता एक ऐंशीच्या आजी दर रविवारी मिस्सा झाल्यावर माझ्या हातात चिठ्ठी देतात. त्यावर मी चुकीचे उच्चारलेले जर्मन शब्द, सुवाच्य अक्षरात. पहिल्या वर्षी अकरा-बारा असायचे. गेल्या महिन्यात एका रविवारी आजी आल्याच नाहीत, मी प्रवचनभर दाराकडे बघत होतो. संध्याकाळी घरी गेलो तर तापाने पडलेल्या. उशाशी रेडिओ, त्यावर दुसऱ्या कुठल्या तरी चर्चची मिस्सा लावलेली. मला म्हणाल्या, त्या फादरांच्या चुका तुमच्यापेक्षा जास्त आहेत.

६ जानेवारीला, बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचा पोशाख घालून मुलं घरोघर जातात, दाराच्या चौकटीवर खडूने साल आणि सी, एम, बी लिहितात, 'ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो' या लॅटिन वाक्याची आद्याक्षरं. या वर्षी माझ्या दारावर लिहिणारी मुलगी सिरियातून आलेल्या कुटुंबातली. मिरजेच्या चौकटीचं वाचलं आणि तो खडू आठवला. घंटा झाली, जातो.

कुपारी_पोर
फादर, आजी आता बऱ्या आहेत का??

इसारकाठचा_फादर
बऱ्या आहेत. आज चिठ्ठीत तीन शब्द.

पाऊसवाट
सगळ्यांचे आभार, बसमध्ये दोनदा स्टॉप चुकला. पण माझी भाजी राहिलीच, गोरखचिंच ताई!

गोरखचिंच
अगं हो! कांदा-टोमॅटो तेलावर मऊ होऊ द्यायचा, चिरलेला माठ घालायचा, पाणी सुटलं की दाण्याचं कूट. नारळाचं दूध असेल तर तेही, आमची शेजारीण घालायची. मिरची-मसाला काही नाही, मीठ फक्त. कूट भरडच ठेव, फार बारीक केलंस तर गोळा होतो.