रविवारी मुलांना काय सांगायचं? ('घरची मंडळी, सोलापूर' ग्रुपवरची चर्चा)

गुरुवार

मोठी आत्या: जय ख्रिस्त सगळ्यांना. पाळकसाहेबांचा फोन आला होता. यंदा पदवी घेतलेल्या मुलामुलींसाठी येत्या रविवारी उपासनेनंतर उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवलीय. आपल्या घरचे दोघं आहेत, सोनू आणि चिंगी. चर्चच्या मंडळीतर्फे पाच मिनिटं मी बोलायचंय. काय बोलावं ते सुचवा.

काकू: दोघांचं अभिनंदन! वन्सं, बायबलमधलं यिर्मया २९:११ घ्या ना, "माझे संकल्प तुमच्या हिताचे आहेत" ते. मुलांना द्यायला त्याच वचनाची भेटकार्डंही मी बघून ठेवलीत. सोनेरी अक्षरं आहेत, छान दिसतात.

बंटी (पुणे): अभिनंदन बे सोनू! पार्टी कधी?

सोनू: जॉइनिंग झाल्यावर. काल कंपनीचा परत मेल आला.

बंटी (पुणे): काय म्हणतात?

सोनू: तेच. "रुजू होण्याची तारीख लवकरच कळवण्यात येईल." खाली शुभेच्छा.

सोनू: आत्या, राग मानू नकोस, पण ते वचन नको. दहावीला तेच कार्ड मिळालं, बारावीलाही तेच. सगळं चांगलं होणार म्हणून मोठी माणसं डोक्यावर हात ठेवतात आणि सोमवारी आम्ही परत मोबाईलवर नोकरी शोधत बसतो. बातम्या उघडल्या की युद्ध. कॉलेजच्या ग्रुपवर रोज कुणीतरी लिहितं की आपण शिकलो ते काम आता एआय करणार. स्पर्धा परीक्षा द्यावी म्हटलं तर पेपर फुटतो. अशा वेळी ते सोनेरी कार्ड हातात घेऊन करायचं काय?

मोठे काका: सोनू, देवाच्या वचनाला नको म्हणू नये.

मोठी आत्या: दादा, थांब जरा. वचन नको असं तो म्हणतच नाहीये. आपण त्यातलं अर्धंच वाचून दाखवतो, ते त्याला नकोय. आणि ते बरोबर आहे. रात्री सविस्तर लिहिते.

सोनूची मम्मी: ताई, एक विनंती. रविवारी चहाच्या वेळी "मग नोकरीचं काय?" असं त्याला कुणी विचारू नका. विचारणाऱ्याच्या मनात काळजीच असते, पण घरी येणारा प्रत्येकजण दारातच विचारतो. उत्तर देऊन देऊन पोरगं दमलंय.

मोठी आत्या: हे मी आधीच सगळ्यांना सांगून ठेवते.

गुरुवार, रात्री

मोठी आत्या: शांतपणे वाचा, मोठं आहे.

यिर्मया २९ मधलं अकरावं वचन आपल्या सगळ्यांना पाठ आहे, दहावं मात्र कार्डावर कुणी छापत नाही. देव म्हणतो की बाबेलची (बॅबिलोनची) सत्तर वर्षं भरल्यावर मी तुम्हांला परत आणीन. सत्तर! संदेष्टा यिर्मयाचं हे पत्र कुणाला गेलं होतं? इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सरानं यरुशलेमेतून यहोयाखीन राजाला नेलं आणि त्याच्यासोबत कारागीर, लोहार, हाताला कसब असलेली माणसं नेली, त्यांना. त्यात सोनूच्या वयाची मुलंही असणारच. आयुष्य सुरू व्हायच्या वेळी घर गेलं, देऊळ लांब राहिलं, भाषा परकी झाली.

तेव्हा त्यांच्या मनाजोगतं बोलणारा एक संदेष्टाही होता, हनन्या. अठ्ठाविसावा अध्याय वाचा. दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल असं त्यानं देवळात सगळ्यांसमोर सांगितलं. यिर्मयाच्या मानेवरचं जू काढून मोडून दाखवलं. ऐकणाऱ्यांना किती बरं वाटलं असेल! पण ते देवाचं बोलणं नव्हतं. मुलांना धीर द्यायच्या घाईत आपण हनन्यासारखं बोलायचं नाही, हे मी ठरवलंय.

यिर्मयानं पत्रात सुटकेच्या आधी काय लिहिलं? घरं बांधा आणि त्यात राहा. मळे लावा, त्यांचं फळ खा. लग्नं करा, मुलंबाळं होऊ द्या. आणि ज्या नगरात मी तुम्हांला पाठवलंय त्या नगराचं हित पाहा, त्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचं हित आहे. ज्यांनी घरातून उचलून आणलं त्यांच्या नगरासाठी प्रार्थना! हे सगळं वाचून मग अकराव्या वचनावर या. ते केवढं वजनदार वाटतं बघा.

चिंगी: आत्या, वॉर्डमधून आत्ता सुटले. एक विचारू? सत्तर वर्षं म्हणजे पत्र वाचणारे बरेचजण तिथेच गेले असतील ना? त्यांनी परत यरुशलेम पाहिलंच नाही.

मोठी आत्या: नाही पाहिलं, चिंगी. आणि तरीही देव त्यांनाच म्हणाला की माझे संकल्प तुमच्या हिताचे आहेत. म्हणजे देवाचं हित आपल्या हयातीत, आपल्याला दिसेल अशा रूपात पूर्ण होईलच असं नाही. पण तोवरचे दिवस वाया नाहीत. त्या दिवसांत घर बांधायचं, मळा लावायचा, शेजाऱ्याचं भलं करायचं. पोरांना हे सांगायला मला जड जातंय, पण खरं तेच सांगीन.

मोठे काका: तायडे, पत्राचं पटलं. याच यिर्मयाची जमीनखरेदी मी दर वर्षी वाचतो, अध्याय ३२. बाबेलच्या सैन्यानं यरुशलेमेला वेढा घातलेला, यिर्मया स्वतः पहाऱ्यातल्या चौकात अटकेत, आणि तिथे चुलतभावाकडून अनाथोथचं शेत विकत घेतो. सतरा शेकेल रुपं तोलून देतो, साक्षीदार बोलावतो, दस्त मातीच्या भांड्यात ठेवायला लावतो, म्हणजे बरेच दिवस टिकेल. उद्या ज्या जमिनीचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर जाणार आहे ती आज रोख पैसे देऊन घेणारा माणूस वेडा म्हणायला हवा. पण देव म्हणाला होता की या देशात परत घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील.

मी कॉलेजातून बाहेर पडलो तेव्हा या शहरातल्या गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या. भोंग्यावर ज्यांचं घर चालायचं ती माणसं चौकात बसून असायची. सोलापूर संपलं असंच जो तो म्हणायचा. आपल्या पप्पांनी त्याच काळात जागा घेतली. तेव्हा नातेवाईकांनी त्यांना नावं ठेवली. आज आपण सगळे त्याच जागेत राहतो.

सोनू: काका, हे तुम्ही कधी सांगितलंच नव्हतं.

मोठे काका: तू कधी विचारलं नाहीस बाळा. आता ये एकदा, निवांत बसू.

शुक्रवार

काकू: आजींचा निरोप टाइप करते. त्या म्हणतात, "पंडिता रमाबाईंचं सांगा मुलांना. १८७४ साली दुष्काळात आईवडील गेले तेव्हा ती सोळा वर्षांची होती. भावाबरोबर उपाशीतापाशी देशभर पायी हिंडली. पुढे १८९६ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा ती तिकडे गेली आणि उपाशी, निराधार मुली केडगावला घेऊन आली. ज्या संकटानं तिला पोरकं केलं त्याच संकटात दुसऱ्या पोरींसाठी उतरली. मुलींना लिहायला-वाचायला शिकवलं, हाताला काम दिलं. १९२२ साली गेली तोवर बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत होती."

त्या असंही म्हणतात की हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाताना दौंड, पाटस सोडलं की केडगाव येतं. मुलाखतीला जाणाऱ्या पोरांनी तिथे खिडकीतून बघावं.

बंटी (पुणे): आजी, इतक्या वेळा गेलोय त्या गाडीनं, दरवेळी मोबाईलमध्ये डोकं. या वेळी बघतो.

चिंगी: मी भैया चौकातून रोज जाते, डॉ. कोटणीसांच्या स्मारकावरून. १९३८ ला चीनला निघाले तेव्हा अठ्ठावीसही पूर्ण नव्हते. तिकडे युद्ध पेटलेलं आणि हे जखमींवर उपचार करायला गेले. १९४२ ला तिथेच वारले. ते ख्रिस्ती नव्हते, पण चांगल्या शोमरोन्यानं वाटेवरच्या जखमी माणसासाठी जे केलं तेच त्यांनी केलं. पदवी हातात आल्यावर मला त्यांचा विचार जास्त येतो.

आत्या, अजून एक सांग रविवारी, माझी विनंती समज. आमच्या बॅचमधल्या काहींना रात्र रात्र झोप नाही. एकीनं जेवण जवळजवळ सोडलंय. "विश्वास कमी पडतोय" असं त्यांना कुणी म्हणू नये. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून "आता पुरे, माझा प्राण घे" म्हणाला तेव्हा देवानं त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं. देवदूतानं उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खाऊ घातलं. बोलणं नंतर झालं, पर्वतावर. १ राजे १९. ज्याला खूपच जड होतंय त्यानं डॉक्टरांना भेटावं, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करावा. मंडळीत उभं राहून कुणीतरी मोठ्यानं हे सांगायला हवं.

मोठी आत्या: मी सांगीन. नंबरसकट सांगीन.

सोनू: माझंही एक आहे. काकांच्या ओळखीतून अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्यात काम मिळतंय. ऑर्डरी कॉम्प्युटरवर चढवायच्या, माल मोजून घ्यायचा, पॅकिंगचं बघायचं. इंजिनिअरिंग करून हे काम घेतलं तर कॉलेजवाले काय म्हणतील, यावरच अडकलोय.

बंटी (पुणे): सोनू, इथे माझ्या शेजारच्या टेबलावरची दोन माणसं काढली कंपनीनं. दोघं माझ्याहून हुशार. त्यातला एक आता मित्राच्या दुकानाचा हिशोब बघतोय आणि रात्री शिकतोय. त्याला मी तरी कमी समजत नाही.

मोठी आत्या: सोनू, प्रेषितांची कृत्ये १८ काढ. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला. क्लौद्य बादशहानं यहुद्यांना रोम सोडायचा हुकूम काढला म्हणून नवराबायको करिंथला आले. हातात तंबू करायचा धंदा तेवढा होता. प्रेषित पौलाचाही तोच धंदा, म्हणून तो त्यांच्याकडे राहिला आणि बरोबरीनं काम करू लागला. गमलिएलासारख्या नावाजलेल्या गुरूच्या पायाशी शिकलेला पौल दिवसभर तंबू करायचा आणि शब्बाथाला सभास्थानात बोलायचा. करिंथची मंडळी अशी उभी राहिली. ज्या कामानं घरात मीठभाकरी येते आणि कुणाचं वाईट होत नाही ते काम देवासमोर हलकं नाही. कंपनीची तारीख आली तर जा. तोवर जिथे आहेस तिथे पूर्ण मनानं राहा.

सोनूची मम्मी: 🙏

शनिवार

मोठी आत्या: माझं ठरलं. २९:४ पासून ११ पर्यंत सगळं वाचीन. मग यिर्मयाची जमीन आणि एलीयाची भाकर. हुकूम निघाल्यावर काय करायचं ते अक्विल्ला-प्रिस्किल्लाकडून. पाच मिनिटांत बसत नसेल तर पाळकसाहेबांकडून सात मागून घेते. "घाबरू नका" एवढंच म्हणून मी खाली बसणार नाही. "जगात तुम्हांला क्लेश होतील, तरी धीर धरा, मी जगाला जिंकले आहे", योहान १६:३३. प्रभूनं क्लेश लपवले नाहीत, आपणही लपवू नयेत.

काकू: वन्सं, सोनेरी कार्डं रद्द केली. दुकानदाराला सांगून घडीचं साधं कार्ड करून घेतलं, आत चार ते अकरा सगळी वचनं मावली. मागची बाजू कोरी ठेवलीय, प्रत्येकाला त्याच्या नावानं काहीतरी हातानं लिहू.

बंटी (पुणे): माझं पण जाहीर करा. मुलाखतीला पुण्याला येणाऱ्या मंडळीतल्या कुठल्याही मुलानं हडपसरला माझ्या खोलीवर उतरावं. गादी आहे, चावी शेजाऱ्यांकडे असते. मुलींची सोय ताईकडे, तिला विचारलंय, ती हो म्हणाली.

मोठे काका: मी पुरुषांच्या प्रार्थनासभेत बोलतो. आपल्यात रेल्वेतून, बँकेतून, शाळेतून निवृत्त झालेले कितीतरी लोक आहेत. एकेकानं एकेका मुलाची जबाबदारी घ्यावी. महिन्यातून एकदा फोन करावा, अर्ज बघून द्यावा, आणि नोकरी लागली की विसरू नये.

चिंगी: काका, हे झालं तर आम्हाला भाषणाहून जास्त उपयोग होईल. आत्या, तुझं भाषण वगळून म्हणतेय!

मोठी आत्या: मला चालेल. सोनू, दोन मिनिटं तू बोलशील का? तुमच्या वतीनं. मी पाळकसाहेबांना विचारून ठेवलंय.

सोनू: बोलतो. एकच मागणार आहे. "सर्व तरुणांना आशीर्वाद दे" अशी मोघम प्रार्थना नको, आमची नावं घ्या. आणि कुठे जातोय ते विचारून त्या जागेचं नाव घ्या. चिंगीच्या वॉर्डासाठी प्रार्थना करा, तिथल्या रुग्णांसाठी. मी सोमवारपासून टॉवेल कारखान्यात जातोय. तिथे पॅकिंगला बऱ्याच बायका आहेत, त्यांच्यासाठी करा, मालकासाठी करा, ऑर्डरी येत राहाव्यात म्हणून करा.

मोठे काका: आमेन. सोमवारी मी येतो तुझ्याबरोबर कारखान्यापर्यंत, मालकांची ओळख करून देतो.

काकू: डबा किती वाजता लागेल ते सांग.

सोनू: साडेआठला, काकू. शेंगाचटणी असू दे.