अनुभव धागा: सिनेमा, कॉमिक्स, गाणी... आणि परीक्षा

सिनेमा, गाणी, कॉमिक्स, व्हिडिओ गेम यांवरचा एखादा पेपर तुम्ही कॉलेजात घेतला होता का? वर्गात नेमकं काय घडलं ते सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

मी विज्ञान शाखेतली. सुपरहिरो आणि भौतिकशास्त्र असा ऐच्छिक विषय होता. मिनेसोटा विद्यापीठात जेम्स काकालिओस यांनी २००१ मध्ये असाच वर्ग सुरू केला होता, आमच्या सरांना कल्पना तिथूनच मिळाली. पहिलंच गणित १९७३ च्या स्पायडरमॅन कॉमिकमधलं. स्पायडरमॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी पुलावरून पडते, तो जाळं टाकून तिला वरच्या वर पकडतो, तरीही ती दगावते. सर म्हणाले, उंची ९० मीटर धरा, हवेचा विरोध सोडून द्या. वेग निघाला सेकंदाला ४२ मीटर. जाळ्याने अर्ध्या सेकंदात थांबवलं, तर गुरुत्वाकर्षणाच्या साडेआठ पट मंदन, म्हणजे वेग कमी होण्याचा दर! तीन सेकंद मिळाले असते, तर जेमतेम दीडपट. आवेगाचं सूत्र, बल गुणिले वेळ, मला शाळेपासून पाठ होतं. पण त्यातल्या वेळेवर एखाद्याचा जीव अवलंबून असतो, हे तेच गणित तीनदा करून पाहिलं तेव्हा कळलं.

*

माझा पेपर लोकप्रिय गाण्यांवर होता. मॅडमनी सांगितलं, आवडत्या गाण्याची एकच ओळ घ्या आणि दोन पानं लिहा. ‘सुंदर’ आणि ‘भिडतं’ हे शब्द वापरायचे नाहीत. आठवडाभर पान कोरंच. मग ती ओळ पुन्हापुन्हा ऐकताना लक्षात आलं, की गायिका वाक्याच्या मध्येच श्वास घेते आणि क्रियापद पुढच्या ओळीवर ढकलते. दोन पानांची चार झाली.

*

आम्ही रशियन लोककथा-अभ्यासक व्लादिमिर प्रॉपचं १९२८ मधलं विश्लेषण, म्हणजे लोककथेत ठरावीक क्रमाने येणारी पात्रांची ३१ कार्यं, एका व्हिडिओ गेमला लावून पाहिली. बरीच बसली. पण खेळणारा राजकन्येला सोडवायला न जाता वीस तास मासेच पकडत बसला तर? त्यावर वर्ग दोन तास भांडला. इतकं चांगलं भांडण मी पुढे कुठल्याच वर्गात पाहिलं नाही.

*

माझा अनुभव वाईट. कॉलेजचं नाव घेत नाही. दर तासाला दिवे बंद, सिनेमा सुरू, संपला की घरी. चर्चा नाही, वाचन नाही. मार्क भरपूर मिळाले. मी तो विषय मनापासून निवडला होता, म्हणून अजून राग येतो.

*

आम्हाला अभ्यासाला ब्रिटिश संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉल होते. मालिका बनवणारा अर्थ भरतो, पण प्रेक्षक तो जसाच्या तसा घेईल, थोडा वाकवून घेईल किंवा साफ झुगारेल, असं त्यांनी १९७३ मध्ये मांडलं. असाइनमेंट होती, घरच्या कुणाबरोबर मालिका बघा आणि त्यांचं बोलणं टिपून घ्या. मी आईबरोबर बसले. नायिका सगळ्यांना क्षमा करते, मागे गोड संगीत, आणि आई हातातली घडी न थांबवता म्हणाली, “हिने पहिल्याच दिवशी दार उघडून निघून जायला हवं होतं.” हॉल यांचा तिसरा प्रेक्षक माझ्या शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होता. मी वही पुढे ओढली. आईने विचारलं, “हे परीक्षेला येणार आहे? मग आधीचे भागही सांगते, थांब.”