मदत हवी आहे: इकोस्प्रिन आणि ब्रुफेन एकत्र?

बाबांना स्टेंट टाकलीय, रोज इकोस्प्रिन ७५ (म्हणजे ॲस्पिरिनच) चालू आहे, आणि गुडघे दुखले की ते कुणाला न विचारता ब्रुफेन घेतात. मी थोडं वाचलं तर डोकंच गरगरलं. दोन्ही गोळ्या एकाच एन्झाइमला अडवतात म्हणे, कॉक्स-१ ला, पण ॲस्पिरिन त्याला कायमचं कुलूप लावते, प्लेटलेटमध्ये (रक्त गोठवणाऱ्या पेशीत) न्यूक्लियस नसतो त्यामुळे नवीन एन्झाइम बनत नाही आणि ती प्लेटलेट मरेपर्यंत, म्हणजे ७ ते १० दिवस, तशीच राहते. ब्रुफेनचं कुलूप काही तासांचं, पण ते आधी जाऊन बसलं तर ॲस्पिरिनला जागाच मिळत नाही, आणि ती थोड्या वेळात शरीरातून निघून जाते! म्हणजे गोळी घेतली तरी रक्त पातळ ठेवायचं काम झालंच नाही, असंच ना?

साध्या ॲस्पिरिननंतर निदान अर्धा तास थांबून ब्रुफेन घ्यावी असं वाचलं, पण बाबांची गोळी कोटिंगवाली आहे, ती उशिरा विरघळते, मग किती अंतर ठेवायचं? शिवाय दोन्ही मिळून पोटाला त्रास तो वेगळाच. पॅरासिटामॉलवर भागेल का? डॉक्टरांची अपॉइंटमेंट सोमवारी आहे, तोपर्यंत ब्रुफेनचं पाकीट मी लपवून ठेवलंय 😅 फार्मसीवाले कुणी असाल तर प्लीज सांगा.