कसबा पेठेत गाळा घ्यावा का? मेट्रोनंतर तिथे राहणारी माणसं खरंच वाढलीत का?

नमस्कार मंडळी. आम्ही कोथरूडला राहतो, आई सहा-सात वर्षं घरूनच भाजणी, मेतकूट, चटण्या, दिवाळीचा फराळ करून देते, आता ऑर्डरी घरच्या ओट्यावर मावत नाहीत म्हणून दुकान बघतोय. कसब्यात एक वाडा पाडून पाच मजली बिल्डिंग झालीये, तळमजल्याला १४० फुटांचा गाळा भाड्याने मिळतोय, वर पोटमाळा. एजंट रोज फोन करतो की मेट्रो आली, पेठा परत उठल्या, सहा महिन्यांनी हा भाव मिळणार नाही. कसबा पेठ स्टेशन चालत सहा-सात मिनिटं. पण माझं आजोळ तिथलंच, मामा लोक एकेक करून सिंहगड रोडला निघून गेलेले मी पाहिलेत. नुसती येणारी-जाणारी गर्दी वाढलीये की रोजचं सामान घेणारी माणसंही परत आलीत? आईची जमवलेली पुंजी यात जाणार आहे म्हणून मनापासून विचारतोय.

रविवारपेठ_तिसरीपिढी
आमचं डबे-बरण्यांचं दुकान आहे, आजोबांपासून. २९ सप्टेंबर २०२४ ला सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट भुयारी मेट्रो सुरू झाली तेव्हापासून मंडई स्टेशनातून लोंढा येतो हे खरंय, पिंपरी-चिंचवडच्या बायका ज्या पार्किंगच्या धास्तीने वर्षातून एकदा यायच्या त्या आता महिन्यातून येतात. पण मेट्रोने आलेलं माणूस हातात मावेल तेवढंच घेतं, माझी मोठी पिंपं तशीच पडून आणि छोटे डबे दुपटीने जातात. तुमची अर्धा किलोची पाकिटं त्यात बसतात. मात्र हा लोंढा तुळशीबाग आणि लक्ष्मी रोडकडे वळतो, कसब्याच्या आतल्या बोळात शिरत नाही. शनिवार-रविवारवर जाऊ नका, मंगळवारी संध्याकाळी तिथे दोन तास उभे रहा. आणि गणपतीत दहा दिवस रस्ते बंद असतात, माल रात्रीच आत घ्यावा लागतो, खाण्याच्या वस्तू मात्र तेव्हाच सगळ्यात जास्त खपतात.

परतआलेली
माझा जन्म कसब्यातला, आम्ही २००४ ला बाहेर पडलो आणि तीन वर्षांपूर्वी परत आलो. आमच्या वाड्यात मालक सोडून नऊ भाडेकरू, सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत बारा वर्षं गेली, तोवर मागची भिंत टेकू लावून उभी होती. आता त्याच जागेवर सोळा घरं आहेत. जुने आम्ही सहाच, बाकी नवीन, बहुतेक दोघंही नोकरी करणारे, मेट्रोने आठ-साडेआठला घरी येतात. तेव्हा खाली उतरलं तर किराणावाल्याचं शटर अर्धं खाली आलेलं असतं!! दुपारी एक ते चार बंद आणि रात्री आठला बंद असं दुकान या लोकांच्या उपयोगाचं नाही. आई किंवा तुम्ही साडेनऊपर्यंत थांबू शकत असाल तर गिऱ्हाईक डोक्यावरच राहतंय.
अजून एक, आजूबाजूचे वाडे बघा. शनिवारवाडा केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक, त्याच्या १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरला परवानगी लागते, त्यामुळे कसब्याचा एक भाग पडायला आलेला असूनही तसाच आहे. तुमच्या गाळ्यासमोर असे वाडे असतील तर तिथे लवकर घरं वाढणार नाहीत. तांबट आळीच्या बाजूला असाल तर वेगळं, तिथे सकाळी नऊला मठारकामाचा (तांब्याच्या भांड्यांवर हातोडीने ठोके द्यायचं काम) ठोका चालू होतो, तांब्याची भांडी शोधत लोक येतात आणि पाच-दहा मिनिटं थांबतात. मला त्या आवाजाशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटायची नाही, परत येण्याचं अर्धं कारण तेच.

नाना_शुक्रवार
कागद बघा आधी. माझ्या मेव्हण्याने शेजारच्या पेठेत असाच गाळा घेतला, बिल्डरने दुकान म्हणून दिला आणि मंजूर नकाशात ती जागा पार्किंगची निघाली, दीड वर्षात सामान उचलावं लागलं, फर्निचरचा खर्च बुडाला तो बुडालाच. मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र (इमारत वापरायला महापालिका देते ते परवानगीचं पत्र) स्वतः वाचल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. करार रजिस्टर करा, लॉक-इन, म्हणजे गाळा मध्येच सोडता येत नाही तो काळ, तुमच्यावर किती महिन्यांचा आहे तेही बघा.

मूळ प्रश्नकर्ता
सगळ्यांचे खूप आभार. काल मंगळवारीच आईला घेऊन गेलो, साडेसहा ते नऊ समोरच्या कट्ट्यावर बसलो. सातपर्यंत बोळ जवळजवळ रिकामा, मग आठ ते पावणेनऊ एकेचाळीस माणसं पाठीला लॅपटॉपची सॅक लावून आत गेली, आईनेच मोजली. दोन बायका आपणहून थांबल्या, आईने पिशवीतली भाजणी दाखवली तर एकीने तिथल्या तिथे पाव किलो घेतली. समोरचे दोन वाडे मात्र ताईंनी सांगितले तसेच, टेकूवर. एजंटकडे नकाशा मागितलाय, अजून दिलेला नाही, तो हातात येईपर्यंत टोकन देत नाही. नाना, भोगवटा पत्राची प्रत महापालिकेतून आपल्याला थेट काढता येते का?