व्हिटॅमिन डीची आठवड्याची गोळी कोर्स संपल्यावरही चालू ठेवली तर चालते का?

मृदगंध:
मंडळी, आईचं डी कमी आलं होतं म्हणून डॉक्टरांनी 60,000 युनिटची गोळी आठवड्यातून एकदा अशी 8 आठवडे दिली होती. तो कोर्स कधीच संपला पण बरं वाटतंय म्हणून ती अजून घेतेच आहे, सहा महिने झाले, वर कॅल्शियम आणि मल्टिव्हिटॅमिन रोज, केसांसाठी बायोटिन. मी काही बोलले की म्हणते अगं व्हिटॅमिनच तर आहे, जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. खरंच जातं का? हल्ली पोट साफ होत नाही, सारखी तहान लागते, रात्री तीनतीनदा उठते.

पायवाट:
बी आणि सी बरंचसं जातं, डी नाही जात. ए, डी, ई, के चरबीत विरघळतात आणि शरीरात साठून राहतात. डी फार झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि तू लिहिलीस तीच लक्षणं दिसतात, पुढे किडनीवर येतं. शुगरमुळेही तहान लागते म्हणून तीही बघा. डी आणि कॅल्शियम आजच थांबवा, डॉक्टरांना फोन करा, कॅल्शियम, क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं ते) आणि डी तिन्ही तपासायला सांगतील बहुतेक.

जुनाझरा:
डॉक्टरांना फोन करायला अजिबात वेळ लावू नकोस गं. माझ्या बाबांनी आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली, जवळजवळ दोन महिने. आम्हाला कळलं कधी, तर उशाच्या ड्रॉवरमध्ये रिकाम्या पाकिटांचा ढीग सापडला तेव्हा. तोवर उलट्या सुरू झाल्या होत्या आणि मला भावाच्या नावाने हाका मारत होते, आम्हाला वाटलं वय झालं. ॲडमिट करून सलाईन लावलं, पण साठलेलं डी उतरायला कित्येक आठवडे गेले. आता गोळी माझ्याकडे असते, दिली की कॅलेंडरवर खूण करते.

निळीशाई:
मल्टिव्हिटॅमिन आणि कॅल्शियमच्या गोळीतही बहुतेक वेळा डी असतंच, सगळ्या लेबलांवरचे आकडे जोडून बघ. मोठ्यांना स्वतःच्या मनाने घ्यायची वरची मर्यादा साधारण दिवसाला 4,000 युनिट आणि 60,000 भागिले 7 म्हणजेच साडेआठ हजार होतात! शिवाय लॅबमध्ये बायोटिनचं आवर्जून सांगा, त्याने थायरॉईडचा रिपोर्ट चुकू शकतो. थायरॉईडची गोळी असेल तर ती आणि कॅल्शियम यांत 4 तासांचं अंतर हवं.

मृदगंध:
अरे देवा, थायरॉईडची आहे आणि ती दोन्ही सकाळी एकत्रच घेते. डॉक्टरांशी बोलले, डी आणि कॅल्शियम बंद करायला सांगितलंय, उद्या सकाळीच रक्त द्यायचंय. सगळी पाकिटं पिशवीत भरून घेऊन जाते.